नागपूरच्या गांधीबागेतलं संस्था-मदत केंद्र : साडेतीन तारे आणि कापलेल्या दीड ताऱ्याचा हिशोब

केंद्राचं नाव या परीक्षणात नाही, आणि ते विसरलो म्हणून नाही. मी लिहिणार आहे म्हटल्यावर तिथल्या मॅडमनी हातच जोडले. "काका, चांगलं लिहा नाहीतर वाईट लिहा, पण नाव नका टाकू जी. आत्ताच फोन उचलायला माणूस नाही." आमचं नाव टाकू नका म्हणणारा दुकानदार मी ६७ वर्षांत पाहिला नव्हता. ज्यांना गरज आहे त्यांनी संस्थांची नोंदणी करणाऱ्या धर्मादाय कार्यालयाच्या आवारात फायली घेऊन घामाघूम झालेल्या कुठल्याही सचिवाला विचारावं. पत्ता मिळेल.

मी एस.टी. महामंडळात लेखा शाखेत ३१ वर्षं काढली. २०१७ ला निवृत्त झालो आणि पंधरा दिवसांत एका संस्थेचा कोषाध्यक्ष झालो, कारण आमचे तेव्हाचे अध्यक्ष चार लोकांसमोर म्हणाले, "यांना हिशोब येतो." नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. संस्था लहान आहे. भांडेवाडीच्या कचरा डेपोजवळच्या वस्तीत संध्याकाळी सहा ते साडेआठ अभ्यासिका चालते. ३८ पोरं, मानधनावर दोन शिक्षिका, वर्षाचा खर्च सव्वाचार लाखांच्या आसपास. कोषाध्यक्ष या शब्दात कोष सुरुवातीलाच येतो, आमच्याकडे तो मार्चअखेरपर्यंत येत नाही.

हे केंद्र काय करतं ते आधी सांगतो, कारण आमच्या हिलाही आठ वर्षांत ते नीट कळलेलं नाही. "तुम्ही पोरांना शिकवता, मग ते लोक काय करतात?" असं ती दर दोन महिन्यांनी विचारते. ते पोरांना शिकवत नाहीत. शिकवणाऱ्यांचे कागद सरळ ठेवतात. महाराष्ट्रात आमच्यासारखी संस्था काढली की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवावी लागते आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. कार्यकारिणीत कोणी आला, गेला किंवा वारला की ९० दिवसांत धर्मादायकडे बदल अर्ज, ज्याला सगळं गाव चेंज रिपोर्टच म्हणतं. दरवर्षी परिशिष्ट आठ आणि नऊमध्ये हिशोब, म्हणजे ताळेबंद आणि जमाखर्च. शिवाय आयकराचं १२ए (संस्थेला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत), नीती आयोगाचं दर्पण पोर्टल, आणि कंपनीकडून सामाजिक जबाबदारीचे, म्हणजे सीएसआरचे पैसे घ्यायचे असतील तर एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म. मोठ्या ट्रस्टला जेवढे कागद लागतात, जवळजवळ तेवढेच आमच्या ३८ पोरांच्या अभ्यासिकेलाही लागतात. फरक इतकाच की त्यांच्याकडे त्यासाठी एक अख्खं ऑफिस असतं आणि आमच्याकडे मी.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा केंद्र रामदासपेठेत होतं. जुना बंगला, पुढे कडुनिंब, आत हॉल, भिंतीला पुस्तकांची कपाटं, सहा जणांचा स्टाफ. महिन्यातून दोन शनिवारी हिशोबाचा वर्ग असायचा, फुकट, वर चहा. मी गेलो तो तोऱ्यातच. ३१ वर्षं डेपोंचे हिशोब तपासलेत, मला काय शिकवणार हे पोट्टे? पहिल्याच शनिवारी एका पंचविशीतल्या पोराने माझं रजिस्टर पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "काका, ही दहा हजारांची देणगी दप्तरांसाठी म्हणून आली होती ना? मग ती शिक्षिकांच्या मानधनात कशी गेली?" गेली होती खरी. त्या महिन्यात मानधनाला पैसे नव्हते, दप्तरांना होते. एस.टी.त तिकिटाचा पैसा डिझेलला जातो, त्यात कोणाला पाप वाटत नाही. इथे देणगीला हेतू चिकटलेला असतो हे मला त्या पोराने शिकवलं. घरी येऊन मी नव्याने तीन खाती पाडली.

त्या काळाचं परीक्षण लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते, आणि चहाला सहावा.

खरी परीक्षा २०२१ ला झाली. एप्रिलमध्ये कोरोनाच्या लाटेत नागपुरात जे चाललं होतं ते इथल्या कोणाला सांगायला नको. त्या महिन्यात आमचे अध्यक्ष गेले. बँकेत सही त्यांची आणि माझी, दोघांची मिळून. बँक म्हणे, नवीन अध्यक्षाची सही हवी तर धर्मादायकडून मंजूर झालेला बदल दाखवा. धर्मादाय कार्यालय बंद-चालू. खात्यात १ लाख १२ हजार रुपये आणि शिक्षिकांना द्यायला दमडी नाही, अशी चार महिने गत होती. त्या वेळी केंद्रातल्या मॅडमनी फोनवरून माझ्याकडून सभेची सूचना लिहून घेतली, इतिवृत्त दुरुस्त केलं, मृत्यूचा दाखला, ठराव, नव्या अध्यक्षांचं संमतीपत्र, सगळं क्रमाने लावायला सांगितलं. इतिवृत्तात मी "अध्यक्ष दिवंगत झाल्याने सर्वांना अतीव दुःख झाले" असं अर्धं पान लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "दुःख एका ओळीत ठेवा काका, सभेला किती जण हजर होते ते आधी लिहा, गणपूर्ती त्यावर ठरते." तेव्हा राग आला होता. अर्ज एकही त्रुटी न निघता दाखल झाला तेव्हा गेला.

याच काळात आयकराचाही घोळ. पूर्वी १२ए एकदा मिळालं की मिळालं, चौकटीत लावून भिंतीला टांगा. २०२० च्या वित्त कायद्याने ते मोडलं. जुन्या सगळ्या संस्थांनी फॉर्म १०ए भरून नव्याने नोंदणी घ्यायची आणि तीही पाच वर्षांपुरती. मुदत वाढत वाढत गेली, तरी आम्ही पहिल्याच फेरीत मोकळे झालो, कारण केंद्राचा माणूस अभ्यासिकेत येऊन माझ्या शेजारी बसला होता. फुकट. हे पुन्हा सांगतो, कारण पुढे पैशाची गोष्ट येणार आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात गेलो तर बंगल्याला दुसरीच पाटी. केंद्र गांधीबागेत हललं होतं. ठोक कापडाच्या दुकानांवर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जिना इतका उभा की आमच्या उपाध्यक्षबाई गुडघ्यांमुळे आजवर वर आलेल्या नाहीत, खाली गाठोड्यांवर बसून सह्या करतात. पुस्तकांची कपाटं कुठे गेली विचारलं तर मॅडम म्हणाल्या, समाजकार्य महाविद्यालयाला देऊन टाकली, इथे जागा नाही. सहातले तीन जण उरले होते. आता दोन आहेत.

काय झालं ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं, लाइट गेलेले होते आणि काम करणं शक्यच नव्हतं म्हणून. केंद्राचा मोठा पैसा दिल्लीच्या एका संस्थेमार्फत यायचा आणि तिला तो परदेशातून यायचा. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. परदेशातून आलेला पैसा घेणाऱ्या संस्थेने पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, अगदी तिच्याकडेही एफसीआरए नोंदणी असली तरी नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. म्हणजे मधला पाटच बुजवला. धरणात पाणी असेल नसेल, आमच्या टोकाच्या वावरात येणार नाही. आणि मदत केंद्राचं सगळं काम म्हणजे पगार, प्रवास, फोन, कागद. दप्तरं वाटत नसल्यामुळे त्यांचा शंभर टक्के खर्च बाहेरच्याला प्रशासकीयच वाटतो.

मी म्हटलं, मग देशातले मोठे ट्रस्ट? तर तिथेही खोच आहे. एका धर्मादाय संस्थेने दुसरीला देणगी दिली तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून देणाऱ्याच्या हिशोबात त्यातले ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. देणारा म्हणतो, मीच थेट खर्च करतो, कशाला डोक्याला ताप.

मग सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, सरासरी नफ्याचे २ टक्के. नागपूर त्यात काही दरिद्री नाही. वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं इथे आहेत, बुटीबोरी, हिंगण्याला कारखाने आहेत. शिवाय स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं कायद्यातच लिहिलंय. मॅडम बऱ्याच ठिकाणी जाऊन आल्या. एका कंपनीच्या बैठकीला मीही गेलो होतो, "लाभार्थी संस्थेचा प्रतिनिधी" म्हणून, इस्त्रीचा शर्ट घालून. कुठली कंपनी ते सोडा. तिथला साहेब तरुण होता, सभ्य होता, पाणी विचारलं, चहा विचारला. सादरीकरण संपल्यावर म्हणाला, "मॅम, हे छान आहे. पण लाभार्थी किती?" मॅडमनी संस्थांचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "संस्था नाही, माणसं. आणि फोटो कशाचा काढायचा?"

मी तिथे बसल्या बसल्या विचार करत होतो की चेंज रिपोर्टचा फोटो कसा दिसेल. एक म्हातारा, एक फाइल, मागे बॅनर.

साहेबाने आणखी एक सांगितलं, की आमच्याकडे प्रशासकीय खर्चाला पाचच टक्के मिळतात. हे मला तेव्हा खरंच वाटलं. केंद्रात परत आल्यावर मॅडमनी भिंतीला चिकटवलेला कागद दाखवला. २०२१ च्या सीएसआर नियमांचं पान, पिवळ्या पेनाने रंगवलेलं. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्यात, त्यावर देखरेख ठेवण्यात जो थेट खर्च होतो तो त्यात मोजायचाच नाही. पण वरून खाली येता येता तो नियम संस्थांच्याच मानगुटीवर बसतो. "तुम्ही त्यांना हे दाखवलं का नाही?" मी विचारलं. "दाखवते ना. दाखवल्यावर पुढच्या वेळी बोलावत नाहीत."

एस.टी.त असताना एक गोष्ट रोज पाहिली. प्रवासी गाडीचे पैसे देतो, कंडक्टरशी भांडतो, ड्रायव्हरला शिव्या देतो. डेपोतल्या कार्यशाळेत रात्री अकराला गाडीखाली झोपून ग्रीस मारणारा माणूस कोणाच्या तिकिटात नसतो. आमच्या विभागात खर्चकपात आली की पहिली नजर कार्यशाळेच्या ओव्हरटाइमवर जायची. मीच ते पत्रक टाइप करायचो. सहा महिन्यांनी ब्रेकडाऊनचे आकडे वाढायचे, तेही मीच टाइप करायचो.

आता तक्रारी. परीक्षण आहे, तर त्या आल्याच पाहिजेत, आणि पहिली तक्रार २,२०० रुपयांची आहे.

८०जी असलेल्या संस्थेने वर्षभराच्या देणग्यांची यादी फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरायची असते. त्यावरून देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळतं. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. मेच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रातला एक मुलगा सगळ्या संस्थांना फोन करायचा. "काका, देणगीदारांचे पॅन नंबर गोळा झाले का?" इतकंच. पण त्या फोनवर आम्ही विसंबलो होतो. २०२४ ला तो फोन आलाच नाही. ज्या प्रकल्पातून त्या मुलाचा पगार व्हायचा तो मार्चमध्ये संपला होता, मुलगा आता एका मायक्रोफायनान्समध्ये वसुलीला जातो. उन्हाळा ४५ च्या घरात, अभ्यासिका सुट्टीत, मी लेकीकडे अमरावतीला. ११ जूनला लक्षात आलं. ११ गुणिले २००. तारीख लक्षात ठेवणं माझं काम होतं हे मला मान्य आहे. पण आम्ही फोन बंद करतोय, आता आपापलं बघा, इतकं तरी केंद्राने कळवायला हवं होतं. अर्धा तारा इथे गेला.

दुसरी तक्रार जास्त दुखते. गेल्या वर्षी गेलो तर दोनपैकी एका खोलीत बारा शिलाई मशीन. महिलांसाठी शिवणवर्ग, एका कंपनीच्या पैशातून. वाईट काय त्यात? वाईट हे की त्याच कंपनीकडे आमच्या अभ्यासिकेसाठी अर्ज करायचा म्हणून आम्ही याच केंद्रात बसून दोन महिने प्रस्ताव लिहिला होता. आमचा नाकारला गेला. यांचा मंजूर झाला. ज्याच्याकडे कुंडली जुळवायला गेलो त्यानेच मुलगी पळवावी तसं वाटलं. मी बोललोही तसं. मॅडम लाल झाल्या, मग खाली बघून म्हणाल्या, "काका, त्या मशिनींमधून माझ्या अकाउंटवाल्याचा अर्धा पगार निघतो. नाहीतर तुमचं ऑडिट कोणी बघितलं असतं?" उत्तर प्रामाणिक होतं आणि मला अजिबात पटलं नाही. संस्थांना मदत करणारी संस्था पैशासाठी स्वतःच कार्यक्रम चालवू लागली की ती आमच्याच रांगेत आमच्याच पुढे उभी राहते, आणि अर्ज लिहायची कला तर तिलाच जास्त येते. दोन्ही प्रस्ताव एकाच कंपनीकडे जात आहेत हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. पूर्ण एक तारा इथे.

बारीकसारीक कुरकुरी आहेतच, त्यांचे मार्क कापलेले नाहीत. फोन लागत नाही. ग्रुपवर कामाच्या निरोपापेक्षा सुप्रभातची फुलं जास्त. प्रशिक्षणाच्या स्लाइड कुठल्याशा मुंबईच्या संस्थेकडून आणलेल्या, सगळ्या इंग्रजीत. वस्तीतल्या बचत गटाच्या बायका पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे बघत राहतात. समाजकार्याचे विद्यार्थी फिल्डवर्कला येतात ते चुणचुणीत असतात, पण आपली फाइल त्यांना समजेपर्यंत त्यांची परीक्षा येते.

आता सप्टेंबर २०२५ ची गोष्ट, ज्यामुळे तारे साडेतीनवर तरी थांबले. २०२१ ला सगळ्यांना पाच वर्षांची नोंदणी एकदमच मिळाली होती, म्हणजे संपणारही एकदमच, मार्च २०२६ ला. नूतनीकरणाचा फॉर्म १०एबी सहा महिने आधी, ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत भरायचा. लग्नाचा एकच मुहूर्त आणि भटजी दोन, अशी अवस्था. गांधीबागेचा तो जिना सप्टेंबरभर भरलेला. काटोलचे, उमरेडचे, भंडाऱ्याचे लोक डबे घेऊन आलेले. माझा नंबर २६ तारखेला लागला. ओटीपी जातो अध्यक्षांच्या मोबाइलवर आणि आमचे नवे अध्यक्ष त्या दिवशी काटोलकडे संत्र्याच्या बागेत, रेंज नाही. चार वेळा फॉर्म बाद झाला. अकाउंटवाल्या मुलाने दुपारचं जेवण सोडलं, मीही सोडलं, संध्याकाळी अध्यक्ष झाडाखालून रस्त्यावर आले तेव्हा ओटीपी मिळाला. सव्वाआठला पोचपावती निघाली. मागे अजून सात जण बसले होते.

नंतर पुण्याहून आयकरच्या सूट विभागाची प्रश्नावली आली. तीन वर्षांचे हिशोब, कामाची टिपणी, संस्थेची घटना म्हणजे नियमावली, देणगीदारांची यादी, मोठ्या खर्चांची बिलं. उत्तर द्यायला मोजके दिवस. ती फाइल त्यांनी ज्या बारकाईने लावली ना, मी ३१ वर्षांच्या नोकरीत तशी लावलेली नाही. अभ्यासिकेतल्या पोरांच्या हजेरीपटाची पानंसुद्धा जोडायला लावली. एक सूचना नव्या लोकांना : १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे नंबरच बदललेत. १२ए, ८०जी हे आम्हाला आत्ता कुठे पाठ झाले होते.

या सगळ्याचे केंद्राने आमच्याकडून ७,००० रुपये घेतले. वार्षिक सभासदत्व २,०००, दोन फॉर्मचे ५,०००. बाहेर मी दोन ठिकाणी विचारलं होतं, दोन्हीकडचा आकडा याच्या दुपटीहून जास्त होता. तरी आमच्या कार्यकारिणीत या ७,००० वरून जे भांडण झालं ते सव्वाचार लाखांच्या अंदाजपत्रकावर कधी झालं नाही. सचिवबाई म्हणाल्या, "सात हजारांत पोरांच्या वर्षभराच्या वह्या येतात. हे लोक सेवा म्हणवतात आणि पैसे घेतात?" एकजण म्हणाले, "काहून द्यायचे बाप्पा, आजवर फुकटच होतं ना?"

मी जुनी रजिस्टरं काढली. आठ वर्षांत त्या केंद्राला आम्ही दिलेली रक्कम : शून्य. एकदा संत्रा बर्फीचा डबा, तोही माझ्या खिशातून. अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी कधी रकानाच नव्हता. आणि हा खर्च टाकायचा कुठे हेही कोडंच. परिशिष्ट नऊमध्ये तो आस्थापना खर्चाखाली जातो, आणि तो आकडा वाढला की आमचेच देणगीदार भुवया वर करतात. माझे देणगीदार म्हणजे एस.टी.चे पेन्शनर आणि त्यांची मुलं. मुलं आता नव्या करप्रणालीत, तिथे ८०जीची वजावट नाही, त्यात २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत करच नाही. "काका, पावतीचं राहू द्या, पण पैसे पोरांवरच लावा हं," असं सांगून एक हजार पाठवतात. त्या हजारातून मी मदत केंद्राची फी देतोय हे त्यांना कसं सांगू? कंपनीचा साहेब मला फोटो कशाचा काढू विचारत होता त्यावर मी आठ दिवस चिडून होतो. माझ्या देणगीदारांना मीही फोटो पोरांचेच पाठवतो.

मॅडमना मी विचारलं, सगळ्यांकडून चांगली सणसणीत फी का घेत नाही? त्यावर कळलं की तिथेही आयकराची मेख आहे. लोकोपयोगी काम या सदरातल्या संस्थेने धंद्याच्या स्वरूपाची सेवा देऊन मिळवलेली फी एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की धर्मादाय दर्जाच धोक्यात येतो. खर्चाइतकी किंवा त्याहून किंचित जास्त फी म्हणजे धंदा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, त्या आधारावर त्या ७,००० घेतात आणि प्रत्येक पावतीमागे खर्चाचा तपशील जोडून ठेवतात. म्हणजे देणगी मिळत नाही म्हणून फी घ्यायची, आणि देणगी नसल्यामुळे फीचं प्रमाण वाढलं म्हणून घाबरायचं. मी त्या पावत्यांची फाइल पाहिली. दोन रुपयांच्या पिनांचाही हिशोब आहे.

भांडणाचा निकाल : ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर. पुढच्या वर्षापासून अंदाजपत्रकात "संस्था साहाय्य" म्हणून २,००० चा वेगळा रकाना. विरोधातलं एक मत सचिवबाईंचं होतं, आणि त्यांचं मला आजही पूर्ण चूक वाटत नाही. ७,००० म्हणजे आमच्या एका शिक्षिकेचं पूर्ण महिन्याचं मानधन.

जाणाऱ्यांसाठी माहिती. मंगळवार आणि गुरुवारी दोन ते सहा, बाकीच्या दिवशी मॅडम कंपन्यांच्या दारी असतात. प्रजापती नगरहून मेट्रोची ॲक्वा लाइन पकडून अग्रसेन चौकाला उतरा, तिथून पायी जाता येतं. दुचाकी नेऊ नका, हातगाड्यांमधून बाहेर निघणार नाही. चढायच्या आधी खाली तर्री-पोहा खाऊन घ्या, वर किती वेळ लागेल सांगता येत नाही आणि चहा आता मिळत नाही. पहिल्याच भेटीत संस्थेची मूळ घटना, परिशिष्ट एकचा (धर्मादायकडच्या नोंदणीचा) उतारा, तीन वर्षांचे ऑडिट आणि ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो तो माणूस, एवढं सोबत न्या. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स खालूनच काढून न्या. वरचं मशीन दिवाळीपासून बंद आहे, दुरुस्तीला चार हजार सांगितलेत.